सिंहिणीच्या पोटी बिबळ्याचे पिल्लू

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मध्यप्रदेशात राहिले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या दोहोंचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्य बदलले, जिल्हा बदलला. घरातली मराठी आणि शेतातले संत्रे व कापूस ही या मुलखाची ओळख मात्र कायम आहे. येथील रोपवाटिकेत काम करणाऱ्या पोरालाही एक गोष्ट शिकवावी लागत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरला की वर संत्रेच लागते. डोळ्याच्या खालून खुंटाला फूट आली तर ती जंबेरीची, आणि ती वेळीच खुडून टाकावयाची. दोन झाडे एका देहात नांदतात, पण एकाचा वंश दुसऱ्यात उतरत नाही. म्हणून कलम निराळे आणि संकर निराळा.

संकर काय असतो तेही या भागाने पाहिले आहे. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी या पट्ट्यात गवळाऊ नावाची पांढरी, हलक्या अंगाची, चालीला चपळ अशी गुरांची जात आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात देशी गाईंचा जर्सी, होल्स्टिन या परदेशी जातींशी संकर करण्याचे धोरण देशभर आले, तसे ते येथेही आले. दूध वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु संकरित गोऱ्ह्याला नीटसे वशिंड नसते, त्यामुळे मानेवर जू ठरत नाही. वैशाखाच्या उन्हात त्याला धाप लागते. आणि औताला निरुपयोगी म्हटल्यावर त्याला दावणीशी ठेवणार कोण? गाईच्या दुधाचा हिशेब डेअरीच्या वहीत लिहिला जातो. गोऱ्ह्याचा हिशेब कोणी लिहीत नाही. तरीही येथे मुळाशी एक खरी गरज होती, ती म्हणजे दूध. मार्जारकुळातल्या संकराकडे वळले की पहिला प्रश्न हाच उभा राहतो, की येथे गरज कोणाची होती?

वाघ, सिंह, बिबळ्या आणि घरातले मांजर या सर्वांच्या पेशीत गुणसूत्रे सारखीच, म्हणजे ३८ असतात. घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२, म्हणून त्यांच्या पोटी येणाऱ्या खेचराला ६३ मिळतात आणि ते वांझ राहते, हे समजण्याजोगे आहे. मार्जारांमध्ये आकडा जुळतो. तथापि वंश सहजासहजी जुळत नाही. १९२२ साली जे. बी. एस. हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने एक नियम मांडला होता. दोन भिन्न जातींच्या संततीत जर एखादे लिंग जन्मालाच येत नसेल, विरळ असेल किंवा वांझ असेल, तर ते ज्याची दोन लिंगसूत्रे परस्परांहून भिन्न असतात तेच लिंग होय. सस्तन प्राण्यांत ते नराचे. वाघ-सिंहांच्या संकरात हा नियम जणू पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणासारखा उतरतो: नर वांझ, मादीला मात्र कधीकधी पिल्ले होतात. हाच हाल्डेन १९५७ साली इंग्लंड सोडून कलकत्त्यास आला, पुढे भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. त्याच्या मृत्यूनंतर सातआठ वर्षांत त्याच कलकत्त्यात त्याच्या नियमाचा जिवंत दाखला पिंजऱ्यात फिरू लागला. ती हकीकत पुढे येईल.

वाघ-सिंहांच्या संकराचा उगम प्रयोगशाळेत नाही, तो तमाशात आहे. १८२४ साली इंग्लंडात विंडसर येथे एका फिरत्या प्राणिप्रदर्शनात सिंह आणि वाघीण यांना पिल्ले झाली, आणि ती पाहावयास राजघराण्यापासून सर्वांची रीघ लागली. पुढे हांबुर्गच्या कार्ल हागेनबेकने हाच उद्योग अधिक पद्धतशीरपणे चालविला. हागेनबेक हा जनावरांचा मोठा व्यापारी होता; त्याच्याकडे १८९७ साली जन्मलेल्या अशा संकरजांची छायाचित्रे त्याने एडिंबरोच्या कोसार युअर्ट या प्राणिशास्त्रज्ञाकडे पाठविली होती. पिता सिंह व माता वाघीण असेल तर संततीला लायगर म्हणावयाचे, पिता वाघ व माता सिंहीण असेल तर टायगॉन. आणि बिबळ्या व सिंहीण यांच्या संततीला लेपॉन. नावेदेखील दोन शब्दांची शेपटी-मुंडके जोडून केलेली!

या लेपॉनची पहिली नोंद आपल्या महाराष्ट्रातली आहे, हे फार थोड्यांना माहीत असेल. १९१० साली कोल्हापुरात एका थोराड बिबळ्यापासून सिंहिणीला दोन पिल्ले झाली. तो छत्रपती शाहू महाराजांच्या राजवटीचा काळ. कोल्हापूर संस्थानात जनावरांची हौस मोठी. शिकवलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरण्याची तेथील शिकार सर्व हिंदुस्थानात गाजलेली होती. दोन पिल्लांपैकी एक अडीच महिन्यांचे होऊन मेले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलर्ड यांनी कातडे लंडनला आर. आय. पोकॉक यांजकडे धाडले. पोकॉक त्या वेळी लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक होते आणि मार्जारकुळाविषयी त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. १९१२ साली त्यांनी वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा दुसरे पिल्लू जिवंत होते.

ते वर्णन मोठे बारकाईचे आहे. अंगावर ठिपके बिबळ्याचेच, पण कुशीवरचे ठिपके आपल्याकडील बिबळ्याच्या ठिपक्यांहून लहान, दाट आणि तपकिरी. सिंहाच्या छाव्याच्या अंगावरचे डाग वयाबरोबर फिके होत जातात तसे अस्पष्ट. डोके, पाठीचा कणा, पोट आणि पाय यांवरचे ठिपके मात्र काळे व ठसठशीत. शेपटी वरून ठिपक्यांची, खालून पट्ट्यांची, टोकाशी काळसर आणि लांब केसांची. पोट मळकट पांढरे. कान पिंगट, त्यांवर रुंद काळा पट्टा. पण बिबळ्याच्या कानामागे जो पांढरा डाग असतो तो नाही. केसागणिक वाचले तरी कंटाळा येऊ नये असा हा मजकूर. त्यात कातडे सगळे आहे. ते कातडे ज्याच्या अंगावर होते त्याला काय खावेसे वाटे, कोणाला पाहून ते लपे, त्याची आई त्याला चाटीत असे की नाही, हे प्रश्न त्या काळच्या शास्त्राच्या कक्षेत बसतच नव्हते. पोकॉक यांना दोष देण्याचे कारण नाही; त्यांच्या हाती जे आले त्याचे त्यांनी सोने केले. पण ते हाती का आले, याचे उत्तर त्या वर्णनात सापडत नाही.

रानात असे घडते काय? गीरच्या जंगलात सिंह आणि बिबळे शेजारी राहतात. तरीही तेथे लेपॉन जन्मत नाही. सिंह बिबळ्याला गाठले तर मारतो, आणि बिबळ्या झाड जवळ करतो. मात्र डिसेंबर २०१८ मध्ये याच गीरमध्ये एका सिंहिणीने बिबळ्याचे एक अनाथ पिल्लू आपल्या दोन छाव्यांबरोबर वाढवावयास घेतले. ती त्याला पाजीत होती, आणि ते तिच्या छाव्यांशी खेळत होते. सुमारे दीड महिन्यानंतर ते मृत आढळले. जन्मजात अंतर्गळाने ते गेले, असे तपासणीत दिसून आले. संशोधकांनी याचा वृत्तांत २०२० साली प्रसिद्ध केला. वात्सल्य एका जातीकडून दुसरीकडे जाऊ शकते, वंश जात नाही. तो न्यावयाचा तर मध्ये गज लागतात. दोन जातींची पिल्ले डोळे उघडल्यापासून एकत्र कोंडावयाची, आपल्या जातीचा जोडीदार त्यांच्या नजरेस पडू द्यावयाचा नाही, आणि मग एकटेपणाने जे घडेल त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणावयाचे, अशी ही सर्वत्रची रीत होती. जपानातील हानशिन पार्कमध्ये याच रीतीने कानेओ नावाचा बिबळ्या आणि सोनोको नावाची सिंहीण यांना १९५९ साली दोन व १९६१ साली तीन पिल्ले झाली. लोक लोटले. शेवटचा लेपॉन १९८५ साली मेला, आणि तेथे ही ओळ संपली.

आता कलकत्ता. अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात वाघ आणि आफ्रिकी सिंहीण यांच्यापासून १९७१ साली रुद्राणी ही टायगॉन मादी जन्मली. हाल्डेनचा नियम सांगतो त्याप्रमाणे मादी असल्याने ती वांझ नव्हती. तिला देवव्रत नावाच्या आशियाई सिंहाबरोबर ठेवण्यात आले आणि तिला एकूण सात पिल्ले झाली. त्यांना लिटायगॉन असे आणखी एक जोडनाव मिळाले. त्यांपैकी १९७९ साली जन्मलेला कुबानाकान हा नर वाढून ३६३ किलोंचा झाला. खांद्याशी उंची १.३२ मीटर आणि नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत लांबी साडेतीन मीटर. गीरचा भरदार नर सिंह दोनशे किलोंच्या फार पुढे जात नाही, हे लक्षात घेतले म्हणजे आकाराची कल्पना येईल. कलकत्त्याला गेलेला पाहुणा त्याला पाहिल्यावाचून परतत नसे. १९९१ साली तो मेला. वांझ असल्यामुळे मागे कोणी राहिले नाही.

हे जनावर एवढे अवाढव्य का होते, याविषयी शास्त्रज्ञांची एक उपपत्ती आहे. एका सिंहिणीचा एकाहून अधिक सिंहांशी समागम होतो; त्यामुळे प्रत्येक सिंहाच्या बीजात आपली पिल्ले पोटातच मोठी करण्याकडे ओढा असतो, आणि सिंहिणीच्या बीजात ती वाढ आवरून धरण्याचा. दोघांचे बळ एकमेकांना तोलते. वाघ एकटा राहणारा. वाघिणीच्या बीजात हा आवर त्या मानाने नसतो. म्हणून सिंह व वाघीण यांच्या लायगरची वाढ लगाम सुटलेल्या घोड्यासारखी चालते आणि तो आईबापांपेक्षा मोठा होऊन चारशे किलोंच्याही पुढे जातो. उलट बाजूच्या टायगॉनला दोन्हीकडचा आवर मिळतो, म्हणून तो आईबापांहून मोठा होत नाही. पाहणाऱ्याला लायगरचा आकार वैभव वाटतो. पण तो ज्या वाघिणीच्या पोटात वाढतो तिचे अंग वाघाच्या पिल्लाला पुरेल इतकेच असते, आणि ज्या हृदयाने व सांध्यांनी तो भार वाहावयाचा ती काही त्या प्रमाणात घडविलेली नसतात. शिवाय वाघ एकांतप्रिय, सिंह कळपातला. संकरज जीव कधी गुरगुरतो, कधी गर्जतो. त्याच्या हाकेला उत्तर देणारी जात मात्र पृथ्वीवर नसते.

पांढरे वाघ हे संकरज नव्हेत, पण त्यांचा विषय टाळून पुढे जाता येत नाही. मध्यप्रदेशच्या वाचकाला तर ते घरचेच वाटतात. १९५१ साली रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी एक पांढरा बच्चा पकडून गोविंदगडच्या वाड्यात ठेवला, तोच मोहन. पिवळ्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्ले होईनात, तेव्हा त्याच्या राधा नावाच्या मुलीशीच त्याचा जोडा लावण्यात आला, आणि १९५८ साली चार पांढरी पिल्ले जन्मली. त्यांतील मोहिनी १९६० साली वॉशिंग्टनला गेली, त्या वेळी देशाला केवढा अभिमान वाटला होता! पांढरा रंग टिकवावयाचा तर रक्ताच्या नात्यातच जोडे लावीत जावे लागते, आणि त्या रंगाबरोबर डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची वाट चुकून तिरळेपणा येतो. संकरात दोन वंश जबरदस्तीने एकत्र आणले जातात आणि येथे एकच वंश स्वतःवर दुमडला जातो. कारण दोन्हीकडे तेच, बघणाऱ्याचा डोळा.

इतकी वर्षे हा प्रश्न पिंजऱ्यापुरता होता. चार गजांच्या आत एक विचित्र जनावर जन्मले आणि मेले, एवढेच त्याचे क्षेत्र. खरी चिंता सुरू झाली ती असा संकर डोळ्यांना दिसेनासा झाला तेव्हा. चंडीगडजवळच्या छतबीर प्राणिसंग्रहालयात १९८० नंतरच्या दशकात सर्कशीतून आलेले आफ्रिकी वंशाचे सिंह आणि आशियाई सिंह यांची बेमालूम मिसळ झाली. ठिपके नाहीत, पट्टे नाहीत, दिसावयास सिंहच. संख्या वाढत वाढत ऐंशीच्या आसपास गेली आणि मग दिसून आले की जनावरे दुबळी आहेत, साध्या रोगांना बळी पडत आहेत. नव्या शतकाच्या आरंभी नरांची नसबंदी करून ती ओळ थांबविण्यात आली, आणि उरलेल्यांना म्हातारपणापर्यंत पोसावे लागले. अमेरिकेत तर शुद्ध आशियाई सिंह म्हणून मोठ्या कसोशीने चालविलेली पैदास १९८७ सालच्या एका रक्तपरीक्षेने कोसळली. त्या वंशावळीच्या मूळ पुरुषांतच आफ्रिकी सिंह निघाले. गीरमधील सिंह एके काळी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. २०२५ च्या गणनेत ते ८९१ भरले. अशा वंशाची राखणदारी करताना पिंजऱ्यातला एक खोटा पूर्वज किती महाग पडतो, हे सांगावयास नको.

दुधव्याच्या तारा वाघिणीची हकीकत याहून नाजूक आहे, कारण तीत तमाशा नव्हता, प्रेम होते. बिली अर्जनसिंह यांनी १९७६ साली इंग्लंडमधील ट्वायक्रॉस प्राणिसंग्रहालयातून तारा नावाचा बच्चा आणला, हाताने वाढवला आणि उत्तरप्रदेशातील दुधव्याच्या जंगलात सोडला. पिंजऱ्यात जन्मलेली वाघीण रानात जगू शकते, हे सिद्ध करावयाचे होते. पुढे त्या जंगलातील काही वाघांचे चेहरे आणि पट्टे निराळे भासू लागले. केसांची तपासणी हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात झाली, तेव्हा सैबेरियातील वाघाचा अंश आढळला. ताराचे पूर्वज मिश्र होते. अर्जनसिंहांनी आयुष्य वाघांसाठी वेचले याविषयी दुमत नाही. पण पिंजऱ्यातली चूक पिंजऱ्यात पुसता येते, रानात सोडलेली परत बोलावता येत नाही. प्रेमाने केलेले कामही वंशाच्या वहीत तपासूनच घ्यावे लागते.

लहान मांजरांच्या संकराचा बाजार त्यानंतरचा. १९६३ साली अमेरिकेतील जीन मिल या बाईंनी वाघाटीची मादी आणि पाळीव बोका यांच्यापासून एक पिल्लू मिळविले. पुढे वाघाटीच्या रक्तात मांजरांच्या कर्करोगाच्या विषाणूला तोंड देण्याची शक्ती आहे काय, याचा शोध घेण्यासाठी डॉक्टर सेंटरवॉल यांनी असेच संकर केले होते. त्यातली पिल्ले १९८० च्या सुमारास मिल बाईंकडे आली आणि त्यांतून ठिपक्यांचे बेंगाल मांजर उभे राहिले. १९८२ साली त्या दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात आल्या असता गेंड्याच्या कुंपणात वावरणारा एक तांबूस, ठिपकेदार बोका त्यांना दिसला. तो त्यांनी अमेरिकेस नेला, आणि आजच्या कितीतरी बेंगालांचा तो पूर्वज ठरला. कोणाच्या लेखी नसलेले एक भटके मांजर, आणि त्याचे वंशज आता मुंबई-पुण्याच्या दुकानांतून भरभक्कम किमतीला विकले जातात!

या पैदाशीतल्या अडचणी जाहिरातीत येत नाहीत. वाघाटी आणि घरचे मांजर यांचा समागमच धोक्याचा, कारण रानटी जोडीदार दुसऱ्याचा जीवही घेतो. पहिल्या पिढीचे नर वांझ, आणि बहुधा आणखी दोन-तीन पिढ्या वांझच. पहिल्या पिढीतली पिल्ले माणसाला बुजतात, घरभर मूत्राच्या चिळकांड्या मारतात, कोपऱ्यात दडून बसतात, आणि घेणाऱ्याची हौस फिटली की प्राणिआश्रमात जमा होतात. आफ्रिकेतील सर्व्हल आणि घरमांजर यांच्यापासून १९८६ साली निघालेल्या सव्हाना या जातीत तर गर्भाचे दिवसही जुळत नाहीत; सर्व्हलचे सुमारे ७४, मांजराचे सुमारे ६५. पिल्ले पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची होतात. ऑस्ट्रेलियाने २००८ साली या जातीच्या आयातीस बंदी केली, ती मात्र तेथील पक्षी व लहान प्राणी यांच्या काळजीपोटी. वन्य प्राण्यांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात असे ठरले आहे की मागील चार पिढ्यांत रानचा पूर्वज असेल तर संकरजालाही रानच्या जनावराचेच नियम लागू.

आणि एवढे करून हाती काय लागले? २०२४ साली अमेरिकन संशोधकांनी बेंगाल मांजरांच्या आनुवंशिक घडणीची मोठी तपासणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात वाघाटीचा अंश शेकडा तीन-चार इतकाच उरला आहे. ज्या रानटी रूपासाठी लोक पैसे मोजतात ते रूप बव्हंशी घरमांजराच्याच गुणांची निवड करीत गेल्याने आलेले, आणि केसांवरची ती प्रसिद्ध झळाळीही घरमांजराचीच. म्हणजे ठिपक्यांचे मांजर हवे होते तर वाघाटीला पिंजऱ्यात आणण्याचे कारणच नव्हते. चिकाटी पुरली असती.

सौंसर-पांढुर्ण्याच्या वाचकाला यात परके वाटण्याजोगे काही नाही, कारण अमेरिकेत शॉझी या नावाने जी लांब पायांची संकरज मांजरे विकली जातात त्यांचा रानचा पूर्वज म्हणजे आपल्या बांधावरचे रानमांजर. कपाशीच्या ओळींतून, संत्र्याच्या बागेच्या कडेने, नाल्यातल्या बेशरमीच्या जाळीतून संध्याकाळी जे उंच, मातकट रंगाचे, कानाच्या टोकाशी काळे केस असलेले आणि शेपटी आखूड असलेले जनावर निघते, तेच. शेतातले उंदीर हे त्याचे मुख्य अन्न. त्या दृष्टीने ते शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. त्याचे पिल्लू उचलून घरी आणणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ऊसतोडीच्या वा कापणीच्या वेळी फडात सापडलेली पिल्ले पुष्कळदा बिबळ्याची समजून गावात आणली जातात, हेही विदर्भाला नवे नाही. ती तेथेच राहू दिली तर आई रात्री येऊन नेते.

पण घरचे मांजरच आपण होऊन रानात गेले तर? स्कॉटलंडमध्ये नेमके तेच झाले. तेथील रानमांजरे गावठी मांजरांशी मिसळत गेली, आणि २०१९ सालच्या एका अहवालाने सांगितले की शुद्ध रानमांजरांची स्वबळावर टिकेल अशी वस्ती आता उरलेली नाही. शेवटी बंदिस्त पैदाशीतली रानमांजरे २०२३ साली केर्नगॉर्मच्या डोंगरात सोडावी लागली. कोणी विकत घेतले नाही, कोणी विकले नाही. गावातल्या मोकाट मांजरांची नसबंदी वेळेवर झाली नाही एवढेच. आपल्या वाळवंटी प्रदेशातील रानमांजरावरही हेच संकट आहे.

यावरून मिसळ म्हणजे पाप असा निष्कर्ष काढला तर तोही चुकेल. अमेरिकेत फ्लॉरिडाचे कुगर वीस-तीस उरले होते; आपसातल्या पैदाशीने त्यांच्या शेपट्या वाकड्या झाल्या, हृदयात छिद्रे निघू लागली, नर वांझ होऊ लागले. १९९५ साली टेक्सासमधून आठ माद्या आणून तेथे सोडल्या. जात एकच; एके काळी दोन्ही प्रदेशांत सलग वावर असलेली. पिल्ले धडधाकट निपजली आणि संख्या कितीतरी पटीने वाढली. काम झाल्यावर उरलेल्या टेक्सासच्या माद्या परतही घेण्यात आल्या. हिशेब मांडून केलेली ही मिसळ होती, आणि तिच्यात जन्मलेल्या प्रत्येक बछड्याला उभे राहावयास त्याचे रान होते. रुद्राणीच्या सात पिल्लांना ते नव्हते, कोल्हापूरच्या दोघांना नव्हते.

तेच काम सातपुड्यात वाघ स्वतः करीत असतात. सौंसरहून छिंदवाड्याकडे निघाले की सिल्लेवानीचा घाट लागतो. तेथून वर पसरलेली छिंदवाड्याची जंगले एका बाजूला पेंचच्या व दुसऱ्या बाजूला सातपुडा व्याघ्रप्रकल्पाच्या रानाला सांधतात. कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील वाघांच्या विष्ठेतून त्यांचा वंश तपासून संशोधकांनी २०१३ साली दाखवून दिले की या जंगलांतले वाघ अजूनही एकमेकांकडे जातात, आणि जेथे मधले रान तुटले तेथे ही ये-जा मंदावली. नागपूर-सिवनी महामार्ग रुंद करताना पेंचजवळ जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवाव्या लागल्या. त्या वाटांनी वाघ जातात, हे तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी टिपले आहे. छिंदवाड्याच्या बाजूला खाणी आहेत, रस्ते आहेत, वाढती गावे आहेत. सातपुड्यातून निघालेला तरणा नर या पट्ट्यातून दिवसा दडत, रात्री चालत पेंचला पोहोचतो. वाटेत त्याला लागतात ते नाले, सागाची राने आणि मधूनमधून कुणाची तरी कपाशी.